एकशे चौदा नंबरची करंगळी

मी बोटाचा डबा बोलतोय. कागदोपत्री माझं नाव हजेरी यंत्र. पण ज्या गेटवर मी चार वर्षं टांगलेला होतो, तिथे मला त्या नावाने कोणी हाक मारली नाही. "डबा घेतोय का गं आज?" असंच बायका एकमेकींना विचारायच्या आणि अंगठा नाकाच्या शेंड्यावर घासत रांगेत पुढे सरकायच्या.

खरं तर बोलणं हे काही माझं काम नव्हे. जन्मतः मला दोनच वाक्यं मिळाली. बोट ओळखलं तर 'धन्यवाद', नाही ओळखलं तर 'पुन्हा प्रयत्न करा'. दोन्ही एका बाईच्या गोड आवाजात. डोळा एकच, तोही बोटाएवढा. त्यामुळे माणसांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. बोटं पाहिली आणि आवाज ऐकले. तेवढ्यावरून जे कळलं ते जसंच्या तसं, वेळेसकट सांगतो. वेळ चुकवायची मला सवय नाही.

माझी पहिली नोकरी काचेच्या दारांच्या एका ऑफिसात होती. तिथली बोटं मऊ, त्यांवरच्या रेषा नुकत्या छापल्यासारख्या. यायची वेळ दहाची, लोक साडेदहाला यायचे. मी इमानाने 'उशीर' लिहायचो आणि ते कोणी वाचायचं नाही. पुढे तिथे चेहरा ओळखणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी खोक्यात झाली. ते खोकं एका धुलाई कारखान्याच्या मालकाने उचललं.

हा कारखाना म्हणजे दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुण्याची जागा. टेम्पो भरून मळकं यायचं, टेम्पो भरून पांढरं जायचं. लोखंडी गजांचं मोठं गेट, त्यात एक छोटा दरवाजा, आणि आतल्या बाजूच्या खांबावर मी. माझ्याखाली वॉचमन मामांची खुर्ची. समोर हजेरीमास्तरांचं टेबल, त्याला दोन खण. मास्तरांनी सोळा वर्षं त्या टेबलावर बसून वहीत हजेरी लिहिली होती. मी आलो आणि वही गेली. नवी बोटं माझ्यात भरायला आणि माझ्यावर लक्ष ठेवायला तेवढे मास्तर राहिले.

तिथली बोटं पाहून पहिल्या आठवड्यात मला वाटलं, आपला डोळाच गेला. रेषाच दिसेनात! सोडा, ब्लीच, उकळतं पाणी आणि इस्त्रीच्या रोलरखालून निघणाऱ्या गरम चादरी. धुलाईखात्यात सहा महिने काढले की अंगठा नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत होतो. मग बायकांनी युक्त्या काढल्या. केसांतून बोट फिरवायचं, नाकाचं तेल लावायचं, फुंकर मारायची, अंगठा तिरका टेकवायचा. रोलरवर काम करणारी एक दणकट आवाजाची बाई होती. तिला सगळे फौजदारीण म्हणत. ती माझ्यावर बोट ठेवताना दर सकाळी म्हणायची, "घे रे बाबा, नवऱ्यानेसुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतं." रांग हसायची, पण हसता हसता प्रत्येकीचा कान माझ्याकडे असायचा.

कारण नियम सोपा होता. गेट पावणेसातला उघडायचं. सात वाजून पाच मिनिटांनंतर उशीर. महिन्यात तीन उशीर झाले, किंवा न सांगता एक दिवस खाडा झाला, की हंगामी कामगाराची मोजणी पुन्हा एकपासून सुरू. अशी सलग नव्वद हजेरी भरली तर तो कायम. मी चार वर्षांत नव्वदपर्यंत पोचलेली बोटं मोजली. अकरा भरली. ऐंशीच्या पुढे जाऊन परत एकवर आलेली मोजली नाहीत, मोजावीशी वाटली नाहीत.

आता एकशे चौदा नंबरची गोष्ट.

ती पहिल्यांदा आली तेव्हा सहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. गेट उघडायला अजून वेळ होता. मामा म्हणाले, "एवढ्या लवकर कशाला आलात बाई?"

"दुसऱ्या बसने उशीर होतो."

ती एवढंच बोलली. पुढेही तिने त्यापेक्षा लांब वाक्य क्वचितच उच्चारलं. पण पुढच्या कित्येक सकाळी, गेट उघडेपर्यंत मामांच्या शेजारच्या दगडावर बसून तिने तुकड्यातुकड्याने जे सांगितलं ते मी ऐकलं. ही तिची सातवी नोकरी. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती नऊ वर्षं भांडी घासत होती. तिथला ठेकेदार बदलला, नव्याने आपली माणसं आणली. मग एका दुकानात लागली. सासूबाई पडल्या, तीन दिवस दवाखान्यात काढले, चौथ्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी होती. एका ठिकाणी घराच्या पत्त्याचा कागद मागितला. घरमालक कागद देईना, कारण खोली त्याने कुठेच दाखवलेली नव्हती. एका ठिकाणी 'उद्या सातऐवजी सहाला या' असा निरोप फोनवर आला. फोन लेकीच्या दप्तरात होता, परीक्षेचं वेळापत्रक त्यावर येणार होतं म्हणून.

"काम येत नाही म्हणून कुठून काढलं नाही मामा," ती म्हणाली. "सगळीकडे एकच वाक्य. उद्यापासून येऊ नका."

"आणि कायम झाल्यावर?"

"मग ते वाक्य म्हणायला त्यांना आधी कागद काढावा लागेल. कारण लिहावं लागेल." मग म्हणाली, "निदान कारण तरी वाचायला मिळेल."

पहिल्या दिवशी मास्तरांनी तिला माझ्यासमोर उभं केलं. उजवा अंगठा. पुन्हा प्रयत्न करा. डावा. पुन्हा प्रयत्न करा. दहाच्या दहा बोटं झाली. नऊ वर्षं भांडी घासलेल्या हातावर मला काही म्हणजे काही सापडेना. मास्तरांनी केस, नाक, फुंकर, सगळे उपाय सांगून पाहिले. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात फोन केला. वरून उत्तर आलं ते मीही ऐकलं, "यंत्र घेत नसेल तर माणूस घेऊ नका."

तिने पिशवी उचलल्याचा आवाज आला. ती मास्तरांना दोष देत नव्हती, रडतही नव्हती. सवय झालेल्या माणसासारखी निघाली होती.

"थांबा," मास्तर म्हणाले. मग माझ्या काचेवर एक करंगळी टेकली. डाव्या हाताची, कोरडी, पेनाच्या शाईचा डाग असलेली. तीन वेळा टेकली, मी तीन वेळा नोंदली. एकशे चौदा. धन्यवाद.

"हे बघा बाई," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "ही करंगळी माझी, हजेरी तुमची. रोज इथे माझ्यासमोर उभं राहायचं. तुम्ही दिसलात तरच मी बोट टेकवणार. एक मिनिट उशीर झाला तरी उशीरच लागणार, मला गयावया करायची नाही. आणि ही वही. रोज वेळ घालून सही करायची. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला."

"सही येते मला," ती म्हणाली.

वही खालच्या खणात गेली.

असे दिवस सरू लागले. रोज सात वाजायच्या आत कधीतरी करंगळी यायची, शेजारी कागदावर पेन खरखरायचं. एकेचाळिसाव्या दिवशी सहा पन्नास झाले, सात झाले, ती नाही. सात पाच झाले. मास्तर खुर्चीवरून दोनदा उठले, दोनदा बसले. सात वाजून सात मिनिटांनी धापा टाकत आली. पहिली बस वाटेतच बंद पडली होती, अर्धी वाट ती धावत आली होती. रांग संपली होती, बघणारं कोणी नव्हतं. मास्तरांना माझं घड्याळ मागे घेता येत असे, किल्ली त्यांच्याकडेच होती. त्यांनी घेतलं नाही. करंगळी टेकवली, मी 'उशीर' लिहिलं. वहीतही सात-सात लिहिलं गेलं. मामा नंतर म्हणाले, "मास्तर, दोन मिनिटांसाठी एवढं?" मास्तर म्हणाले, "दोन मिनिटं खोटी लिहिली तर बाकीचे चाळीस दिवसही खोटे होतात मामा."

त्र्याऐंशीव्या दिवशी संध्याकाळी मास्तरांना वर बोलावलं. ते खाली आले तेव्हा त्यांची चाल वेगळी होती. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला नाही.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"आता डबा आहे म्हणाले, माणसाची गरज काय. उद्यापासून येऊ नका."

"वीस वर्षांनी?"

"दाखला आठ दिवसांनी देतो म्हणालेत. त्रेपन्नाव्या वर्षी दाखल्याशिवाय कोण दारात उभं करणार? म्हणून मी तोंड उघडलं नाही." मग माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी काही चूक नाही रे." ते वाक्य मला अजून टोचतं. माझीच चूक होती. मी होतो, म्हणून ते नव्हते.

ती तेव्हा घरी गेलेली होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

चौऱ्याऐंशीव्या दिवशी ती सहा अठ्ठेचाळीसला समोर उभी राहिली आणि मास्तरांची वाट पाहू लागली. मागच्या बायकांना पुढे जाऊ दिलं. सहा पंचावन्न. टेबलामागे नवे सुपरवायझर साहेब बसले होते, वय कमी, आवाजात घाई. "बाई, बोट लावा, उभ्या का?" त्यांनी विचारलं.

तिने अंगठा टेकवला. पुन्हा प्रयत्न करा. दुसरा. पुन्हा प्रयत्न करा. घाईत ती बोट जोरात दाबत होती, त्यामुळे जे काही थोडं दिसलं असतं तेही दिसेना. सात. सात दोन. नाक, केस, फुंकर. मला इतकं वाटत होतं की एकदा तरी खोटं 'धन्यवाद' म्हणावं. पण मी तसा घडलेलो नाही. सात पाच झाले.

मामा कुजबुजले, "आत जा, कामाला लागा. मी बघतो." ती आत गेली, दिवसभर राबली. माझ्या यादीत एकशे चौदापुढे लिहिलं गेलं: गैरहजर.

जाताना ती मामांजवळ थांबली. मामांनी तिला मास्तरांचं सगळं सांगितलं आणि म्हणाले, "साहेबांना सांगून टाका ना खरं काय ते. वही खणातच आहे."

"मास्तरांचा दाखला वर अडकलाय. हे कळलं तर देतील?"

"आणि तुमचे त्र्याऐंशी दिवस?"

तिने पिशवी उचलली. मग म्हणाली, "त्यांना फोन करू नका मामा. माझी शपथ आहे."

ती बसच्या दिशेने गेली. मामांनी तिची पाठ वळेपर्यंत वाट पाहिली आणि माझ्याखालीच बसून फोन लावला. "मास्तर, शपथ तिने घातलीय, मी घेतलेली नाही. ऐका."

पंच्याऐंशीवा दिवस. सहा एकोणपन्नासला ती रांगेत सगळ्यांच्या पुढे होती. सहा बावन्नला गेटच्या गजांबाहेर ओळखीचा खोकला ऐकू आला. मास्तरांना आता आत यायला परवानगी नव्हती. त्यांनी गजांमधून हात घातला. कोपरापर्यंत आला, पुढे अडला. मी हातभर लांब होतो. ते बाहेरून खांद्याने गजावर रेटा देत होते.

"मास्तर, नको," ती म्हणाली. "हात मागे घ्या."

"घड्याळ बघा. बाजूला व्हा."

"तुमचा दाखला..."

"दाखला माझा आहे ना? मग मी बघेन."

तिने त्यांची बाही धरली होती, कापड ताणल्याचं मला ऐकू येत होतं. मग तिची पकड सुटली. करंगळी काचेवर आली. एकशे चौदा. धन्यवाद.

"हे कोणाचं बोट?"

सुपरवायझर साहेब मागेच उभे होते.

"बोट माझं," मास्तर गजांबाहेरून म्हणाले. "हजेरी तिची."

"म्हणजे खोटी हजेरी. पंच्याऐंशी दिवस खोटी हजेरी! बाई, तुम्ही आत जायचं नाही. मामा, हिचा नंबर लिहून घ्या."

"साहेब, तुमच्या टेबलाचा खालचा खण उघडा," मास्तर म्हणाले. "वही आहे. डब्याच्या यादीशी ताडून बघा. एक जरी वेळ जुळली नाही तर मला काय ते करा."

साहेबांनी खण ओढला. मग पानं उलटण्याचा आवाज, मधेच माझी यादी चाळल्याचा. सहा एकोणपन्नास, सहा एकोणपन्नास. सहा एक्कावन्न, सहा एक्कावन्न. एका पानावर ते थांबले.

"सात-सात. उशीर."

"दोन्हीकडे?" फौजदारिणीने रांगेतून विचारलं.

"दोन्हीकडे."

"मग मला एक सांगा साहेब. खोटी हजेरी लावणारा माणूस उशीर कशाला लावेल? आम्ही खोटं बोललो असतो तर पावणेसातच सांगितले असते!"

साहेबांनी पुढचं पान उलटलं. मग त्यांना आठवलं. "आणि काल? काल हे बाहेर होते. यादीत ही गैरहजर आहे. सरळ खाडा आहे."

तेव्हा एकशे चौदा बोलली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी एवढा मोठा ऐकला नव्हता.

"काल दुपारी ओल्या फरशीवरून तुम्हीच मला ओरडलात साहेब. पाच मिनिटं ओरडलात. गैरहजर बाईला ओरडलात का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग रांगच हसली. साहेबांना ते लागलं. "हसू नका! वही असेल खरी, पण यंत्रात हिचं बोट नाही. काल नव्हतं, आज नाही, उद्या नसणार. नियम मी केलेला नाही. मलाही वर उत्तर द्यावं लागतं. माझेही तीन महिने चालू आहेत."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं असावं. ते ऐकून फौजदारिणीचा आवाज जरा खाली आला, पण ती मागे हटली नाही.

"तिचं बोट नाही म्हणता? आमची तरी कुठे आहेत साहेब? आम्ही रोज याला नाकाचं तेल दाखवतो, बोट दाखवतच नाही. चला गं, हात धुऊन या. सोड्याने धुवा, चांगले खसखसून."

सहा अठ्ठावन्न झाले होते. गेटजवळच्या नळावर पाणी सुटलं. एक बारीक आवाज म्हणाला, "माझे या महिन्यात दोन उशीर झालेत गं. आज तिसरा लागेल."

"मग तू तेल लावून आधी आत जा. कोणी काही म्हणणार नाही," फौजदारीण म्हणाली.

थोडा वेळ नळ एकटाच वाहत होता. मग सोड्याची वडी हातावर घासल्याचा आवाज आला. ती बारीक आवाजाची बाईच होती.

एकामागून एक कोरडे, धुतलेले अंगठे माझ्यावर टेकू लागले. पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करा. एकतीस जणी होत्या. मी सहा जणींना ओळखलं, आणि त्या सहाही गेल्या महिन्याभरात लागलेल्या होत्या. पंचवीस जणींना मी नाकारलं. त्यात दहा वर्षं काम केलेली फौजदारीणही होती, जिच्याशी मी रोज सकाळी बोलत होतो. सात पाच झाले, सात बारा झाले. बाहेर दवाखान्याचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला. साहेबांनी स्वतःचा अंगठा टेकवला, बहुधा मी बिघडलोय का ते पाहायला. धन्यवाद, मी म्हणालो. त्यांचा अंगठा मऊ होता.

"जपा साहेब तो," फौजदारीण म्हणाली. "सोड्यात घालू नका."

साहेब बाजूला जाऊन फोनवर बोलले. "हो साहेब... नाही, काम थांबलंय... यंत्रच घेत नाही... टेम्पो उभा आहे." मग परत येऊन म्हणाले, "रजिस्टर काढा. सह्या करून आत जा. उशीर लागणार नाही." आणि जरा वेळाने, "एकशे चौदा, तुम्हीही. कालचीही सही करा, खाडा खोडतो."

ती लगेच गेली नाही. "मास्तर?" तिने विचारलं.

गजांबाहेर कोणी नव्हतं. मास्तर टेम्पोला वाट देत कधीच निघून गेले होते.

नव्वदावा दिवस आला आणि गेला. कागद मिळाला. वरच्या कारकुनाने सवयीने शाईचा पॅड पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "अंगठा नको, सही करते." हे मामांनी मला... म्हणजे माझ्याखाली बसून कोणाला तरी सांगितलं. त्याच आठवड्यात मास्तरांचा दाखलाही आला. वीस वर्षांच्या नोकरीचे चार शब्द, आणि खाली एक ओळ: 'हजेरीत गैरप्रकार केल्याने सेवा समाप्त'. मास्तरांना काढलं त्या दिवशी करंगळी वर कोणालाही माहीत नव्हती. पण आता ती कारण म्हणून सोयीची होती.

मग मलाही खांबावरून काढलं. आता गेटवर चेहरा बघणारं यंत्र आहे. धुलाईखात्यातल्या वाफेने त्याची काच धुकटते म्हणतात, बायका पदराने पुसून मग तोंड दाखवतात. सुपरवायझर साहेबांचे तीन महिने भरले नाहीत. एकोणनव्वदाव्या दिवशी त्यांनाही ते वाक्य ऐकावं लागलं. त्यांच्याबरोबर ती वहीही कुठे गेली कोणास ठाऊक.

मी स्टोअररूममध्ये फाटक्या चादरींच्या गठ्ठ्याखाली होतो. आज सकाळी कोणीतरी गठ्ठे उपसू लागलं. चिंध्या न्यायला आलं असेल, मला वाटलं. पण गठ्ठे एकीकडे रचले जात होते, काहीतरी शोधल्यासारखे. मग माझ्या अंगावरची धूळ पुसली गेली आणि काचेवर एक अंगठा टेकला. गुळगुळीत, उष्ण, एकही रेषा नसलेला. वीज नव्हती, आणि असती तरी मी नाहीच म्हटलं असतं. पण शपथेवर सांगतो, मी ओळखलं.

"सापडला मामा," ती म्हणाली. "वायर पण आहे."

"अहो, पण वर घेऊन जाऊन काय सांगणार? आत्ताच कायम झालात. पायावर धोंडा पाडून घेऊ नका."

"काल पाचव्या ठिकाणी मास्तरांना ती ओळ वाचून परत पाठवलं. कारकुनाकडून निरोप पाठवला तर वरचे म्हणतात पुरावा काय? पुरावा याच्या पोटात आहे. सात वाजून सात मिनिटं."

"त्यांनी तुम्हालाच काढलं तर?"

"काढायचं तर कारण लिहावं लागेल ना?" ती म्हणाली. "लिहू देत. वाचीन मी."

तिने मला चादरीच्या तुकड्यात गुंडाळलंय, चेहरा उघडा ठेवून. आता ती जिना चढते आहे. या जिन्यावर ती दुसऱ्यांदाच आली आहे, पहिल्यांदा कायमच्या कागदासाठी. सोळा पायऱ्या आहेत, मास्तर मोजत उतरायचे. अकराव्या पायरीवर ती दम घ्यायला थांबली. तिच्या छातीचे ठोके माझ्या पत्र्यावर वाजतायत.

वर बसलेल्या मंडळींनो, तुम्हाला माझी एकच विनंती आहे. मला नुसती वीज जोडा. एकेचाळिसावा दिवस काढा. माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, खोटं बोलायला तिसरं वाक्य लागतं आणि ते मला कोणी दिलेलं नाही. त्या करंगळीने एकदाही कोणाला फसवलं नाही, एवढं वाचा आणि ती ओळ खोडा. मग मला खुशाल भंगारात घाला.

बारावी पायरी. तेरावी.

"चल रे डब्या," ती म्हणाली.